"आमच्यात पैशाचं काय नाही" म्हणणाऱ्या दोघी

दिवाळीत मी माझ्या मैत्रिणीला साडी घेतली. नवी पेठेतनं, २,२०० ची, मोरपंखी, बारीक काठाची, दोन दुकानं फिरून. तिनं पिशवीत हात घालून काठ बघितला, "कशाला गं एवढी" म्हणली आणि पिशवी तशीच कपाटात ठेवली. उलगडली नाही, खांद्यावर टाकून आरशात बघितलं नाही. ज्यांनी कुणाला साडी दिलीय त्यांना कळेल हे काय असतं ते. मी जिना उतरून खाली आले आणि नवऱ्याला म्हणलं, कायतरी बिघडलंय.

बिघडलं होतं ते आठ महिन्यांपास्नं, पण आम्हा दोघींना ते बोलायचं नव्हतं, कारण आमची मैत्री "तसली" नव्हती ना.

थोडं मागचं सांगते. मी एका टॉवेलवाल्याच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. टेरी टॉवेल, एक्स्पोर्टचा माल, सगळे मिळून आम्ही १४ जण. पोरगी सव्वा वर्षाची होईपर्यंत सासूबाई होत्या, मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या मोठ्या दीरांकडं पुण्याला गेल्या, त्या आजतागायत. नवऱ्याची चिंचोळीला एमआयडीसीत शिफ्ट. माझी आई नाही. तर एका रविवारी मी वरच्या मजल्यावर जाऊन रडले आणि ती म्हणली, "एवढंच ना, ठेव की माझ्याकडं, मी घरीच असती." ती माझी मैत्रीण. बिल्डिंगमध्ये राहायला आल्यापास्नंची, सहा वर्षं. तिचा पोरगा दुसरीत. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी आणि पोरावर ओरडताना दोन्ही. नाव घालत नाही इथं, माझी पोरगी तिला अक्का म्हणते तर आपणपण अक्काच म्हणू.

मी तेव्हाच विचारलं होतं बरं का, की काय देऊ. "वेडी का काय तू" म्हणली. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आता वाटतं दुसऱ्यांदा विचारायला पायजे होतं आणि तिसऱ्यांदापण, कारण आपल्याकडं पहिला नकार हा नकार नसतोच, चहाला सुद्धा आपण आधी नकोच म्हणतो. पण मला ते नको म्हणणं सोयीचं होतं. हे मी आत्ता लिहिताना कबूल करते.

मग सुरू झालं ते दुसरंच. पैसे नाहीत ना द्यायचे, मग मी मंगळवार बाजारातनं भाजी आणली की तिची पिशवी पण भरायची. ऑफिसातनं सेकंडचे, म्हणजे बारीक खोट निघालेले, टॉवेल मिळतात ते तिला चार. तिच्या पोराचा अभ्यास रात्री माझ्याकडं. तिच्या नवऱ्याचा रिटर्न मी भरला, गॅसचं केवायसी मी केलं, लाईटबिल मी ऑनलाईन भरायची आणि पैसे घेताना शेवटचे पंचवीस-तीस रुपये सोडून द्यायची. आणि तिच्याकडनं, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा पोरगी. दुपारी जेवण, झोपवणं, शी-शू. वर पाण्याचा दिवस असला की माझ्याही टाकीचं तीच बघणार, आणि सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही, चार-पाच दिवसांनी एकदा येतं आणि कधी येईल ते पाणी सोडणाऱ्यालाच माहीत, दुपारी तीनला आलं तर तीनला, कडेवर माझी पोरगी आणि हातात पाईप. मी तेव्हा ऑफिसात एसीत टॅलीत एंट्री मारत.

आता हे सगळं काय झालं? मी बी.कॉम. आहे, सेकंड इयरला बिझनेस लॉ होता, १८७२ चा करार कायदा, त्यात "कन्सिडरेशन" म्हणजे प्रतिफल. सरांनी शंभरदा सांगितलेलं की प्रतिफल म्हणजे पैसाच पायजे असं काही नाही, समोरच्याच्या सांगण्यावरनं तुम्ही काही केलं किंवा काही करायचं सोडलं तरी ते प्रतिफलच. परीक्षेत लिहून आले, सात मार्कं मिळाली, आणि स्वतःच्या जिन्यात दोन मजल्यांमध्ये तेच चाललंय हे मला चौदा वर्षांनी कळलं.

तेही सरळ नाही कळलं, इंग्लंडावरनं कळलं.

माझी नणंद रीडिंगजवळ असते. लंडनपास्नं तासाभराचं अंतर. दिवाळीनंतर व्हिडिओ कॉलवर मी तिला हे साडीचं सांगितलं, हसण्यावारी. तर ती म्हणली, "वहिनी, हिकडं असता ना तर तुमच्या मैत्रिणीला सरकारात नाव नोंदवावं लागलं असतं." मला वाटलं चेष्टा करते. चेष्टा नव्हती. तिकडं इंग्लंडात नियम असा की आठ वर्षांच्या आतलं दुसऱ्याचं पोर तुम्ही स्वतःच्या घरी दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त सांभाळलं आणि त्याचा मोबदला घेतला, तर तुम्ही चाइल्डमाइंडर, आणि मग ऑफस्टेड म्हणून जी सरकारी यंत्रणा आहे, शाळा तपासणारी, तिच्याकडं नोंदणी करायची, ते घर बघायला येणार, तुमची पोलिसांकडची माहिती काढणार, प्रथमोपचाराचं ट्रेनिंग. आज्जी, मावशी, आत्या यांना हे लागू नाही. संध्याकाळी सहा ते रात्री दोन मध्ये कुणी बेबीसिटिंग केलं तर त्यालापण सूट. पण दिवसाढवळ्या मैत्रीण आणि पैसे, हे एकत्र आलं की लफडं.

आणि २००९ साली तर पैसे नसतानासुद्धा लफडं झालं होतं. दोन पोलिसवाल्या बायका, डिटेक्टिव्ह, मैत्रिणी, एकच नोकरी दोघींत वाटून करायच्या. एक ड्युटीवर गेली की दुसरी दोघींच्या पोरी सांभाळणार, दुसऱ्या दिवशी उलटं. एक पौंडाचा व्यवहार नाही. तर ऑफस्टेड म्हणलं हे बेकायदेशीर आहे, कारण तुम्ही एकमेकींची पोरं सांभाळता म्हणजे फुकट सांभाळलं जातं, आणि फुकट सांभाळून मिळणं हाच मोबदला. २००६ च्या त्यांच्या चाइल्डकेअर कायद्यातला शब्द "रिवॉर्ड", त्याचा अर्थ त्यांनी एवढा लांब ओढला. पेपरांत बोंबाबोंब झाली, मंत्र्यापर्यंत गेलं, आणि नंतर सरकारनं पैसे न घेता मैत्रिणी-मैत्रिणींत एकमेकींची पोरं सांभाळायला सूट दिली.

आम्ही जाम हसलो त्या दिवशी. नवरा म्हणला, असला कायदा सोलापुरात आणला तर अख्खा अशोक चौक आत जाईल. खरंय, आमच्याकडं मैत्रिणीचं पोर सांभाळायचं म्हणून कुणी अर्ज भरायला गेलंय असं मी तरी पाहिलं नाही, शेजारीण म्हणजे आपली हक्काचीच.

पण रात्री झोप येईना. तो जो कुणी साहेब होता ना, ज्यानं अदलाबदलीला मोबदला म्हणलं, तो कायद्याच्या बाबतीत अतिरेकी असेल पण माझ्याबाबतीत त्याचं बरोबर होतं. आमच्यात मोबदला होताच. भाजी, टॉवेल, रिटर्न, साडी. फक्त भाव ठरलेला नव्हता, त्यामुळं दोघींच्या डोक्यात वेगवेगळं खातं चालू होतं, माझ्या खात्यात मी फेडून फेडून वर शिल्लक ठेवलेली, तिच्या खात्यात मी बुडीत. दोन्हीकडची खाती जुळवून बघायची, अकाउंट्समध्ये याला रिकन्सिलिएशन म्हणतात, महिन्याच्या महिन्याला करतात, आम्ही आठ महिने केलंच नाही.

आणि एक झालेलं. साडीच्या आधी. तिच्या सासूबाई जिन्यात शेजारच्या काकूंना सांगत होत्या, मला बघितलं नव्हतं त्यांनी, "सून आमची, आया त्यांची." मी चपला हातात घेऊन परत खाली गेले. राग आला, रडू आलं, मग वाटलं म्हातारी खोटं काय बोलली.

आता मधे एक सांगते कारण हे वाचून कुणीतरी म्हणणारच की मग पाळणाघर का नाही, कंपनीचं का नाही. कंपनीचं म्हणाल तर २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर पायजे, आईला दिवसातनं चार वेळा तिथं जाता आलं पायजे असंही आलं. लय चांगलं. आम्ही १४. मालक एकदा चहा पिताना म्हणले, "अजून ३६ जणं आण, काढतो पाळणाघर." अंगणवाडी बसायला तीन वर्षांपुढची पोरं घेते आणि ती दुपारीच सुटते, माझी पोरगी तेव्हा तीनची पण नव्हती. खाजगी पाळणाघरं जुळे सोलापुरात आहेत, बघून आले दोन, एकात १७ पोरं आणि दोन बायका आणि टीव्ही. चुलतसासू म्हणल्या, अक्कलकोटकडची एखादी बारा-तेरा वर्षांची पोरगी आणून ठेव की, आम्ही नाही का ठेवायचो. म्हणलं काकू, ते २००६ सालीच बंद झालं, १४ च्या आतलं पोर घरकामाला ठेवणं गुन्हा आहे. "व्हय? कोण बघालंय?" म्हणल्या. हे "कोण बघालंय" आमचं सगळ्यात मोठं कायद्याचं पुस्तक आहे.

माझी आज्जी मिलमध्ये होती, रीलिंग खात्यात. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टात बायका ठरावीक आकड्यापेक्षा जास्त असल्या की पाळणाघर पायजे असं होतं, आधी ५० पेक्षा जास्त, मग १९७६ ला तो आकडा ३० केला. आज्जी सांगायची की मिलच्या पाळण्यात पोर टाकून यायचो आणि मधल्या सुट्टीत पाजायला जायचो, आणि ज्यांना ते पण नव्हतं त्या बायका घरी पोराला अफूची बारीक गोळी देऊन यायच्या, बाळगोळी. पोर झोपून राहायचं. आज्जी हे सांगताना आवाज बारीक करायची, त्यावरनं मला नेहमी वाटायचं की "त्या बायका"त ती पण असेल. असो.

तर अक्काशी बोलायला तोंड कुणी फोडलं, तर तिच्या आईनं.

तिची आई विड्या वळते. सत्तरीच्या आसपास, बोटं अजून मशीनसारखी. पूर्व भागातल्या गल्लीत दुपारी गेलात तर उंबऱ्यात बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसतील, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला, वळता वळता झोका. झोळीत पोर कुणाचं पण असतं, स्वतःचं, सुनेचं, शेजारणीचं. विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यात पण पाळणाघराचं कलम होतं, पण ते कारखान्याच्या जागेत, उंबऱ्यात बसून वळणाऱ्या बाईचं पाळणाघर म्हणजे तिचा अंगठा.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी ती लेकीकडं आलेली. मी पोरगीला घ्यायला वर गेले तर पोरगी तिच्या मांडीत आणि म्हणालीय "नीळ्ळु, नीळ्ळु", पाणी मागतेय तेलुगूत. घरीपण हेच चालतं, बापाला काय पायजे कळतच नाही, "वद्दु" म्हणली की भरवायचं थांबवायचं एवढं तो शिकलाय. तर अम्मा मला बस म्हणली. आणि सरळ विचारलं, "हिला काय देतीस गं?"

अक्का आतनं ओरडली, "अम्मा!" आणि पुढं तेलुगूत काय काय.

अम्मा ऐकेना. म्हणली, हजार विड्याला मजुरी ठरलेली असती, पान खराब निघालं तर किती सोडायची ते पण ठरलेलं असती, पन्नास वर्षं वळलालोय, मालकासंगट भांडलो, पण भाव काय ते आधी माहीत. "तुमचा भाव काय?" आणि मग जे सांगितलं त्यानं मी गप्पच झाले. अक्का घरी शिलाई करते हे मला माहीत होतं. शाळेच्या युनिफॉर्मच्या हाफ पँटी, व्यापारी कापून देतो, ही शिवून देते, पीसला १२ रुपये. आधी दिवसाला २५ व्हायच्या. माझी पोरगी आल्यापास्नं १७. आठ पँटी कमी. आठ गुणिले १२ म्हणजे ९६, गुणिले २६ दिवस, २,४९६. महिन्याला अडीच हजार रुपये ती स्वतःच्या खिशातनं घालत होती माझी पोरगी सांभाळायला, आणि मी तिला कोथिंबीर आणून देत होते.

मला अकाउंट्समधे पगार मिळतो आणि हे गणित एका विडीवाल्या बाईनं करून दाखवलं.

दोन दिवस आम्ही एकमेकींना टाळलं. म्हणजे पोरगी जायची-यायची, पण दारातनंच. तिसऱ्या दिवशी रात्री तिचा मेसेज, "गच्चीवर ये". गेलो. थंडी होती, सिद्धेश्वरच्या बाजूनं गड्ड्यातल्या पाळण्यांचे लाईट दिसत होते. ती म्हणली, "अम्माचं मनावर घेऊ नको." मी म्हणलं, घेतलं. ती म्हणली, "पैसे घेतले तर मी कामवाली होती." मी म्हणलं, नाही घेतले तर मी चोर होते. मग दोघी रडलो, मग नाक पुसून भाव ठरवायला बसलो, आणि खरं सांगते त्या सगळ्या महिन्यांतली सगळ्यात हलकी रात्र ती.

३,५०० ठरले. ती ३,००० म्हणत होती, मी ४,०००, उलटी घासाघीस, असली घासाघीस मंगळवार बाजारात कुणी बघितली नसेल. अडीच हजार पँटीचे, वरचे जेवणाचे आणि कटकटीचे. पण पैसा हा सोपा भाग निघाला. त्याच्या पुढचं अवघड. साडेसहाच्या पुढं उशीर झाला तर? आधी मला वाटायचं मैत्रीण आहे, अर्धा तास काय. तिचं त्या अर्ध्या तासात पोराला ट्यूशनला सोडणं चुकायचं आणि ती कधी बोलली नाही. आता सातनंतर नाही, नवरा किंवा मी, कायपण करून. ताप असेल तर पोरगी वर पाठवायची नाही, यावर मी गप्प बसले कारण मी एकदा सकाळी पॅरासिटामॉल पाजून पाठवलेली आणि तिला माहीत होतं. ती माहेरी गेली तर पैसे कापायचे का? ती म्हणली काप. मी म्हणलं मला महिन्यात दीड सुट्टी पगारी मिळते, तुलापण दीड. "मला पगारी सुट्टी!" म्हणून ती एवढी हसली की खालच्या काकू खिडकीत आल्या.

आणि एक विषय होता ज्याला जीभ रेटत नव्हती. घरात दुपारी कोण कोण येतं. २०१६ ला खारघरच्या पाळणाघरातला तो व्हिडिओ आला होता, दहा महिन्यांच्या बाळाला मारतानाचा, तो ज्यानं बघितलाय त्याच्या डोक्यातनं जात नाही. नवऱ्याचं म्हणणं तिच्या हॉलमध्ये कॅमेरा लावू, खर्च आपण करू. मैत्रिणीच्या हॉलमध्ये कॅमेरा! मी त्याला म्हणलं तूच जाऊन सांग, तो काय गेला नाही. पण गच्चीवर मी शेवटी विचारलं. तिचा दीर येतो कधीकधी, युनिफॉर्मवाल्याचा पोरगा माल न्यायला येतो. ती रागावेल असं वाटलं, ती म्हणली, "मी तिला कधी कुणापाशी सोडून खाली पण येत नाही, माल द्यायला जाताना कडेवर घेऊन जाती, आणि तू हे पहिल्याच दिवशी विचारायला पायजे होतंस." बरोबर आहे. माझ्या ऑफिसात वीस हजाराचा माल ठेवायला देताना आम्ही गोडाऊनची किल्ली कुणाकुणाकडं आहे ते विचारतो. पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यात तर असं काही कळलं आणि तुम्ही पोलिसांना सांगितलं नाही तर न सांगणारा पण गुन्हेगार. म्हणजे विचारणं हा संशय नाही, पण आपल्याकडं विचारलं की समोरच्याला लागतं, म्हणून विचारत नाही, आणि न विचारण्याला आपण विश्वास म्हणतो.

नवऱ्याला मात्र वेगळीच काळजी. "तिला टॅक्स लागेल का? जीएसटी? पाळणाघर चालवते म्हणून कुणी लिहून दिलं तर?" माणूस स्वतःचा फॉर्म सोळा कधी उघडून बघत नाही. तर सगळ्यांसाठी सांगून टाकते. सांभाळायचे पैसे म्हणजे उत्पन्नच, गिफ्ट लिहिलं म्हणून ते गिफ्ट होत नाही. ते जे ५०,००० चं म्हणतात, की वर्षात नात्याबाहेरच्या लोकांकडनं एकूण त्याच्या वर भेट मिळाली तर सगळीच रक्कम करपात्र, ते भेटीचं आहे, कामाच्या पैशाचं नाही. आणि मैत्रीण ही आयकर खात्याच्या "रिलेटिव्ह"च्या यादीत नाही, कितीपण जिवाची असूदे. पण ३,५०० चे वर्षाला ४२,००० होतात, शिलाईचे धरून लाखभर, आणि नव्या पद्धतीत २०२५-२६ पास्नं पहिल्या ४ लाखाला टॅक्सच नाही. जीएसटीची नोंदणी सेवेला वर्षाला २० लाखाच्या पुढं. २० लाख व्हायला अक्काला माझ्यासारख्या अठ्ठेचाळीस मैत्रिणी लागतील.

कोर्टात जायची वेळ आली तर काय, हे पण डोक्यात आलं, बी.कॉम.चा किडा. आमच्या पेपरात एक केस हमखास यायची, बाल्फोर विरुद्ध बाल्फोर, १९१९. सिलोनला नोकरी असलेल्या नवऱ्यानं इंग्लंडात राहिलेल्या बायकोला महिना ३० पौंड देतो म्हणलं, पुढं दिले नाहीत, बायको कोर्टात गेली, आणि कोर्ट म्हणलं घरातल्या माणसांनी घरातल्या घरात ठरवलेलं हे, याला करार म्हणत नाहीत, कायद्यानं बांधून घ्यायचा हेतूच नव्हता. तेव्हा मी ती केस पाठ केली आणि मार्क घेतले. आता वाटतं त्या बायकोनं ३० पौंडांत महिन्याचं सगळं मांडून ठेवलं असेल की, किराणा, भाडं. हेतू नव्हता म्हणे. आमचा हेतू होता म्हणून आम्ही एका वहीत लिहून काढलं, तिच्या पोराच्या रफ वहीत, मागच्या पानावर, पाढ्यांच्या खाली. सही नाही केली, तेवढं हसू आवरलं नसतं.

पहिल्या महिन्याचे पैसे फोनपेवर टाकताना खाली नोट लिहायची जागा असते ना, तिथं माझा अंगठा पाच मिनिटं अडकला. "पगार" लिहवेना. "मदत" खोटं. शेवटी "फेब्रुवारी" एवढंच लिहिलं. तिच्याकडनं अंगठा आला, आणि दहा मिनिटांनी १३५ रुपये परत आले. फोन केला हे काय. म्हणली, "त्या शनिवारी तू अर्ध्या दिवसात घेऊन गेलीस की." मी म्हणलं अर्ध्या दिवसाचे ६७ होतात, तुझं गणित अम्मावर नाही गेलं. परत पाठवले. तिनं परत पाठवले. नवरा म्हणला, आधी मनातल्या मनात चाललं होतं ते बरं होतं, नेट तरी वाया जात नव्हतं.

भाजी मी अजून आणते. पण आता ती पिशवी घेताना म्हणते, "वांगी नको होती गं, कालच आणलेत." आधी कधी म्हणली नव्हती. टॉवेल पण दोन परत दिले, म्हणली रंग जातो. अक्काच्या सासूबाईंचं काय विचाराल तर त्या आता जिन्यात सांगतात की सूनबाई घरबसल्या साडेतीन हजार कमावती, आणि हे सांगताना चार नंबरच्या काकूंपास्नं वॉचमनपर्यंत कुणी सोडत नाहीत. साडी अजून कपाटात आहे, तिला मोरपंखी आवडतच नाही, हे पण गच्चीवरच कळलं.

आता अडचण वेगळी आहे आणि ती मला सुटलेली नाही. जूनमध्ये पोरगी नर्सरीत जाईल, साडेबारापर्यंत, मग अर्धाच दिवस उरतो. त्यात माझ्या सासूबाई मेमध्ये येते म्हणतात, गुडघा बरा आहे, नातीला मी बघीन म्हणतात, आणि त्यांना नको कोण म्हणणार, त्यांची नात आहे आणि मला त्यांची आठवण पण येते. पण अक्कानं माझ्या ३,५०० च्या जिवावर पिको-फॉलचं मशीन घेतलंय, हप्त्यावर, १,४५० रुपये महिना, दहा हप्ते, त्यातले दोन झालेत. आम्ही गच्चीवर ताप, उशीर, माहेर, दीर सगळं ठरवलं आणि बंद कसं करायचं हेच ठरवलं नाही. परवा मी हळूच म्हणलं, नोटीस पिरियड ठेवायचा का दोन महिन्यांचा. तिनं मशीनवरनं मान वर केली नाही. म्हणली, "ठेव. पण वहीचं ते पान पोरानं विमान करून उडवलंय, परत लिहून आण."